न उघडता ओळखा, आत किती आहे!

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला की घरोघरी एकच चौकशी सुरू होते: किती उरलंय? माठात किती, कूलरच्या टपात किती, इन्व्हर्टरच्या बॅटरीत किती? झाकण काढून डोकावणं हा सरधोपट मार्ग आहेच. पण कान, हात आणि विजेच्या दोन तारा यांनाही ते कळतं, आणि कसं कळतं ते भारी मजेदार आहे.

आधी कान. नळाखाली रिकामी बाटली धरा. पाणी चढेल तसा आवाज बारीक होत जातो, कारण पाण्याच्या वर उरलेली हवा वाजत असते. हवेचा स्तंभ २० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४२५ कंपनं. पाणी चढून तो १० सेंटिमीटरवर आला की कंपनं दुप्पट. म्हणजे थेट एक सप्तक वर, षड्जापासून तार षड्जापर्यंत! पहाटेच्या अंधारात नळावर गुंड भरणारी बाई तो काठोकाठ भरायच्या आत नेमका उचलते, ती याच सुरावर.

आता गंमत बघा. तेच भांडं भरताना ऐकण्याऐवजी बाहेरून वाजवलं की हिशेब उलटा होतो. जास्त पाणी, खालचा सूर. इथे भांड्याची भिंत थरथरते आणि आतलं पाणी तिला जड करून तिची गती कमी करतं. जलतरंग वाजवणारे चमच्याचमच्याने पाणी घालून वाट्या सुरात लावतात त्या याच तत्त्वावर.

पाठीवरच्या फवारणी पंपाचं निराळंच. त्यावर लिटरच्या खुणा असतात, पण त्या मागे. कपाशीच्या ओळीत चालणाऱ्याला दिसणार कशा? त्याला पाठीवरचं डचमळणं सांगतं. काठोकाठ भरलेल्या पंपात पाण्याला हलायला जागाच नसते, टाकी उतरली की हिंदकळणं सुरू. उथळ पाण्याला खळखळाट फार, ते हे!

गॅस सिलिंडरला ओलं फडकं फिरवून पाहिलंय? द्रवरूप गॅस असतो तिथवरचा पत्रा उशिरा तापतो, म्हणून तिथला ओलावा रेंगाळतो; वरचा रिकामा भाग आधी सुकतो. दोन्हींमधली रेघ म्हणजे आतली पातळी. अगदी पक्कं उत्तर हवं तर वजनकाटा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, ते वजा करा. नव्या घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो.

जुन्या स्कूटरची युक्ती मला सगळ्यांत आवडते. बजाज ऑटो १९४५ साली सुरू झाली ती ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने, आणि हे बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ, जमनालाल बजाज यांचे दत्तक आजोबा. याच कंपनीची ‘चेतक’ १९७२ मध्ये आली. पेट्रोलच्या कॉकला दोन तोंडं: एक उंचावर, एक तळाशी. पेट्रोल वरच्या तोंडाखाली गेलं की गाडी आचके देणार. कॉक फिरवला की खालचं तोंड उघडणार. ‘रिझर्व्हला लागली’ हे कळायला ना काटा लागायचा, ना दिवा.

विजेच्या तारांचं काम आणखी सोपं. दृष्टिहीनांसाठी कपाच्या काठाला अडकवायचं एक छोटं यंत्र मिळतं. चहा चढून त्याच्या दोन धातूच्या काड्यांना टेकला की मंडल पूर्ण होतं आणि ते पीप-पीप करतं. पाण्यात, चहात, दुधात क्षार असतात, म्हणून वीज वाहते. तेलात मात्र ते गप्पच राहणार. ‘टाकी भरली’ म्हणून ओरडणारा अलार्म याचाच थोरला भाऊ.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, किंवा कुठल्याही रुग्णालयात, नातेवाइकांची नजर सलाईनच्या बाटलीवर खिळलेली असते. सिस्टरचं लक्ष मात्र खालच्या थेंबांच्या कुपीकडे. नेहमीच्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटर ८ तासांत द्यायचे तर मिनिटाला २१ थेंब. बाटलीत किती उरलं हे घड्याळ आणि थेंबच सांगून जातात.

आणि एक पातळी अशी, की तिच्यावर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पर्जन्यमापकाचं तोंड रुंद आणि मोजपात्र अरुंद असतं, त्यामुळे एकेक मिलिमीटर ताणला जाऊन स्पष्ट दिसतो. वाचताना डोळा पाण्याच्या रेषेत हवा. वरून पाहिलं तर आकडा जास्त येतो, खालून पाहिलं तर कमी. पाण्याचा पृष्ठभाग काचेशी वर चढतो, म्हणून मधल्या खोलगट भागाचा तळ वाचायचा. आता मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित केंद्रं आली आहेत, पण पाऊस तर एका शिवारात कोसळतो आणि दुसऱ्यात फिरकतही नाही. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या बांधावरही मोजावा, असं मला मनापासून वाटतं. सरळ भिंतीचा, सपाट तळाचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवा आणि सकाळी त्यात पट्टी उभी करा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. पट्टी ६५ दाखवत असेल, तर तुमच्या एका एकरावर रात्रीत सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडलं.