शाकारणीआधी सांध्यांकडे पाहा

गळीत हंगाम आटोपला, काटा थंडावला, की गावोगाव घर शाकारायची घाई सुरू होते. फुटकी कौले बदलली, पन्हळी साफ केल्या, की झाले काम! सभासद बंधूंनी या खेपेस कौलाखाली, वाशांकडेही जरा मान वर करून पाहावे, असे आम्हाला सुचवावेसे वाटते. कौल गळले तर खाली पातेले ठेवता येते. सांधा सुटला तर काय ठेवणार?

वासे किती वाहतात याचा हिशोब करू. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ते मंगलोरी कौल आपल्याकडेही घरोघर पोचले. एक कौल अडीच ते तीन किलोचे, चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. वीस बाय तीसच्या घरावर दोन्ही पाखी मिळून हजारभर कौले, म्हणजे अडीच-तीन टन झाले. उसाने भरलेली दीड-दोन गाडी डोक्यावर वर्षानुवर्षे उभी, आणि बैल सोडायचे नाहीत! पावसात भिजली की वजन आणखी वाढते.

हा भार धरून ठेवते ती खाच, कुसू आणि खुंटी. एका लाकडाला पटाशी-किकऱ्याने खाच पाडायची, दुसऱ्याचे टोक तासून कुसू काढायचे, ते आत बसवून दोन्हींतून गिरमिटाने भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची. आमच्या वाड्याला एकही खिळा नाही, असे लोक छाती फुगवून सांगतात. बहुधा ते खरे नसते, कारण रिपांना खिळे असतातच. पण तुळई-खांबाच्या सांध्याला खिळा नसतो, ही गोष्ट खरी. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल किंवा नाशकातला सरकारवाडा पाहायला गेलात तर नक्षीबरोबर खांब-तुळईची बैठकही पाहा. आणि कार्ल्याच्या लेण्यात तर छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत.

खिळा का नको? लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लोखंडाला त्याचे सोयरसुतक नाही. खिळा ओलीने गंजतो, गंज फुगतो, लाकूड उकलते आणि भोक सैल होते. खुंटी लाकडाचीच, ती लाकडाबरोबर हलते. मात्र खुंटी कसल्याही काटकीची चालत नाही. बाभळीसारखे कठीण, चांगले वाळलेले लाकूड घ्यावे, आणि ते करवतीने न कापता उभे फोडून काढावे, म्हणजे रेषा अखंड राहते. अगदी गोल न करता थोडी अठकोनी, पुढे निमुळती ठेवली की घट्ट बसते.

यातली खरी हुशारी भोकात आहे. खाचेचे आणि कुसवाचे भोक अगदी समोरासमोर नसते. कुसवातले भोक त्याच्या खांद्याकडे ज्वारीच्या दाण्याएवढे सरकवून घेतात. खुंटी ठोकताना ती किंचित वाकते आणि कुसू आत ओढून घेते. युरोपातले सुतार शतकानुशतके हे करीत आले. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे छप्पर जळाले, तेव्हा नव्या यंत्रांच्या काळातही ओकच्या तुळया कुऱ्हाडीने तासून, लाकडी खुंट्या मारूनच ते उभे केले. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले.

आता आपल्या घराचे. वासे नुसते खाली दाबत नाहीत, ते पाय फाकवतात. आढे मधल्या खांबांवर टेकले असेल तर हा जोर कमी. खांब नसतील, तर दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारी आडवी तुळई हाच आधार. आणि नेमकी तीच लोक कापतात! ट्रॅक्टर आत घ्यायचा, पोती उंच रचायची, तुळई आडवी येते, मग लाव करवत. पहिल्या वर्षी काही होत नाही, म्हणून धीर येतो. मग भिंत बाहेर कलते, आढे मधे बसते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी म्हण आहे. इथे वासे आधी फिरतात.

तेव्हा बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक आधी पाहा, कारण ओल आणि वाळवी तिथूनच लागते. आरी टोचा, लोण्यासारखी आत गेली तर लाकूड संपले. खुंटी बाहेर सरकली आहे का, खांद्याशी फट दिसते का, तेही बघा. सरकलेली खुंटी नुसती ठोकू नका, खाली टेकू देऊन सांधा मिटवून मगच नवी मारा. कुसूच कुजले असेल तर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी व आरपार बोल्ट टाकण्यात कमीपणा नाही, फक्त वायसर मोठा हवा आणि जस्ताचा मुलामा असलेला घ्यावा. तुळईला जोड द्यायचा तो खांबावर, अधांतरी कधीच नाही.

हे काम सकाळीच करावे, दुपारी माळ्यावर उभे राहवत नाही. आणि मृग निघण्याआधी, म्हणजे ७ जूनच्या आत उरका. इगतपुरी-पेठकडच्या सभासदांनी तर त्याहून आठवडाभर आधीच.