बाबत : ई-मेलची विषय-ओळ आणि संवादाचा धागा

अध्यापनाच्या सेवेत शासकीय कार्यालयांना पत्रे लिहिताना ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी आम्ही कधी विसरलो नाही. ई-मेल हाती आल्यावर मात्र ही शिस्त आमच्याही हातून सुटली. काही वर्षांपूर्वी आम्ही माजी विद्यार्थ्यांना स्नेहमेळाव्याची छायाचित्रे पाठवली होती. पुढे एका शिष्यवृत्तीची अंतिम तारीख कळवायची होती, तेव्हा सर्वांचे पत्ते आयते मिळतात म्हणून त्याच जुन्या ई-मेलला उत्तर देऊन आम्ही सूचना धाडली. माथ्यावर विषय राहिला ‘स्नेहमेळाव्याची छायाचित्रे’. अनेकांनी ती उघडलीच नाही आणि एका गुणी मुलीपर्यंत सूचना पोहोचली ती मुदत टळल्यावर. मजकूर अचूक होता. चूक एका ओळीची होती. ती चूक आमची होती, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ई-मेल पवईला नवी नाही. विहार आणि पवई या दोन तलावांच्या मधल्या परिसरात वसलेली आयआयटी मुंबई १९५८ साली स्थापन झाली. १९८६-८७च्या सुमारास ही संस्था आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचा तो आरंभकाळ होता. सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५पासून. आज आपली मुले अभियांत्रिकीला जातात, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतात आणि शेकडो सभासदांच्या तांत्रिक मेलिंग लिस्टवर प्रश्न विचारतात. तेथे त्यांची पहिली ओळख पदवीने होत नाही, विषय-ओळीने होते.

उत्तराच्या माथ्यावर ‘री:’ ही अक्षरे आपोआप उमटतात. ती ‘रिप्लाय’ या शब्दाचा संक्षेप आहेत असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ती लॅटिन भाषेतून आली असून त्यांचा अर्थ ‘या प्रकरणी’ असा आहे. म्हणजे आपल्या कार्यालयीन पत्रातला ‘बाबत’च! ‘बाबत’ लिहून भलत्याच बाबीविषयी बोलणे जितके विसंगत, तितकेच जुन्या विषयाखाली नवी गोष्ट लिहिणे विसंगत.

संवादाचा धागा कसा विणला जातो, हेही समजून घ्यावे. प्रत्येक ई-मेलला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो. तो वाचकाला सहसा दिसत नाही. आपण उत्तर देतो तेव्हा मूळ ई-मेलचा क्रमांक उत्तराच्या शीर्षभागात ‘संदर्भ’ म्हणून नोंदला जातो. विषय, उत्तर आणि संदर्भ यांची ही रकाने १९८२च्या तांत्रिक मानकातही होती. या नोंदींच्या आधारे संगणक उत्तरांची साखळी जोडतो. म्हणून जुन्या ई-मेलला उत्तर देऊन केवळ विषय खोडून नवा लिहिला, तरी अनेक प्रणालींत ते पत्र जुन्याच धाग्यात अडकून राहते. नव्या प्रश्नासाठी नवे, कोरे पत्र उघडावे, हा पहिला नियम.

दुसरा नियम नेमकेपणाचा. ‘मदत हवी’, ‘अर्जंट’, ‘सर, एक शंका’ या ओळींतून काहीच कळत नाही. ‘उबुंटू २२.०४ : छपाईत मराठी जोडाक्षरे तुटतात’ ही ओळ पाहा. प्रणाली कोणती, आवृत्ती कोणती आणि बिघाड काय, हे तिन्ही तीत आले. जाणकार लगेच थांबतो, इतरांचा वेळ वाचतो. मोबाइलच्या पडद्यावर विषयाचे आरंभीचे काही शब्दच दिसतात. म्हणून महत्त्वाचा शब्द आधी यावा. लिनक्सच्या गाभ्यात बदल सुचवणारे लोक तर विषय-ओळीतच तो बदल कितव्या आवृत्तीचा, पाच भागांपैकी कितवा आणि कोणत्या उपप्रणालीचा हे लिहितात.

तिसरा नियम उत्तर देणाऱ्याचा. समोरच्याचे सगळे पत्र पुन्हा चिकटवू नये. ज्या वाक्याला उत्तर द्यायचे तेवढेच ठेवून त्याखाली लिहावे. केवळ ‘धन्यवाद’ म्हणण्यासाठी शेकडो जणांना पत्र धाडू नये. चर्चा दुसरीकडे वळली तर नवा विषय लिहून कंसात ‘पूर्वीचा विषय’ नोंदवावा. आणि प्रश्न सुटला की उपाय त्याच धाग्यात लिहावा. ‘सुटले, आभार’ एवढेच लिहून निघून जाणे हा मागून येणाऱ्यांवर अन्याय आहे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे संविधान सभा आठवते. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले, की मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. दुरुस्त्यांना क्रमांक होते आणि त्या कोणत्या कलमाला आहेत हे नोंदलेले होते. म्हणूनच आज कोणीही विद्यार्थी चर्चेचे खंड उघडून एखाद्या कलमामागचा वाद शोधू शकतो. ती शिस्त नसती, तर एवढ्या मतमतांतरांचा केवळ गलबला उरला असता.

विषय-ओळ ही आज पत्र वाचणाऱ्याची सोय आहेच; पण तिचा खरा धनी तो, जो दोन वर्षांनी तोच प्रश्न घेऊन शोधायला येईल. आपल्या घरांतली अनेक मुले शिकणारी पहिलीच पिढी आहेत. अडले तर विचारायला घरात कोणी नसते; रात्री उशिरा एखाद्या अनोळखी माणसाने नीट नाव देऊन ठेवलेले उत्तर तेवढे त्यांना सापडते. आपण लिहिलेली ओळ अशा मुलाला सापडावी, एवढे भान ठेवून लिहिले, तर बाकीचे सारे नियम आपोआप पाळले जातील. आमच्या त्या विद्यार्थिनीने पुढील वर्षी अर्ज केला. त्या वेळी आम्ही पाठवलेल्या ई-मेलचा विषय होता : ‘शिष्यवृत्ती अर्जाच्या अंतिम तारखेबाबत’.