ओट्याचे तिसरे माप

ओटा म्हटले की घराच्या दर्शनी बाजूची, शेणाने सारवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला घटकाभर टेकता यावे म्हणून उंच केलेली जागा ज्यांना आठवते, अशी माणसे आता विरळ होत चालली आहेत. शहरातल्या गृहस्थाच्या लेखी ओटा म्हणजे ज्यावर गॅसची शेगडी मांडतात तो. अंगणाच्या काठावरचा हा शब्द पडवी आणि माजघर ओलांडून थेट स्वयंपाकघरात जाऊन बसला, त्याला मुख्य कारण इंधन. चूल जमिनीवर होती तोवर विळी, पाटा, परात आणि त्यांच्यापुढची गृहिणी ही सारीच मंडळी जमिनीवर बसलेली होती. पण 1955 साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरमधून गॅस विकावयास प्रारंभ केला, 1965 पासून इंडेनचा गॅस मिळू लागला, आणि शेगडी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा उंचावर असावी हा त्या इंधनाचा दंडक घरोघर पोचला, तेव्हा खाली सिलिंडर मावेल इतकी उंची आणि वर आच, पाणी व तेल सोसेल असा सपाट दगड, या दोन्हींची तजवीज करणे भाग पडले.

हा दगड महाराष्ट्राला बाहेरून आणवावा लागला, ही गोष्ट वरकरणी विपरीत वाटेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर निवत गेलेल्या लाव्ह्याने आपला बहुतेक प्रदेश व्यापलेला आहे, आणि आपला पाटा-वरवंटा, आपले जाते, सह्याद्रीतल्या गडांचे तट याच काळ्या पाषाणाचे आहेत. परंतु उघड्यावर लवकर निवल्यामुळे या बेसॉल्टमध्ये जागोजाग भेगा आणि वायूची छिद्रे राहून गेली. तटाला लागणारा चिरा त्यातून हवा तेवढा निघतो, पण आठ-नऊ फुटांची अखंड लादी निघणे मुश्कील.

म्हणून पहिला मान गेला तो शहाबाद आणि कडप्पा या दोन गावांना. कलबुर्गी जिल्ह्यातले शहाबाद मुंबई-मद्रास लोहमार्गावर असल्याने तिथली करडी फरशी सुखाने इकडे येऊ लागली आणि अजूनही ती ब्रासने, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या हिशेबाने, मागितली जाते. आंध्रातल्या कडप्प्याने तर आपले नावच काळ्या लादीला देऊन टाकले. हे दोन्ही मूळचे चुनखडक, पाण्याच्या तळाशी पापुद्र्या-पापुद्र्याने साचलेले. त्यांचे थर छिन्नीने उकलता येतात म्हणून ते स्वस्त, आणि त्याच कारणाने जाडीला बेभरवशाचे. चुनखडक असल्यामुळे आम्लाशी त्यांचे जन्माचे वैर: लिंबाची पिळलेली फोड किंवा आमसुलाचे सांडलेले पाणी रात्रभर राहिले की सकाळी काळ्याभोर कडप्प्यावर पांढुरका डाग हजर, आणि तो घासून जाणारा नव्हे, कारण तिथे दगडच तेवढा विरघळून गेलेला असतो.

ग्रॅनाइटने ही उणीव भरून काढली. काठिण्याच्या मोहश्रेणीत चुनखडकातले कॅल्साइट 3 वर थांबते, तर ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार 6 आणि क्वार्ट्झ 7 पर्यंत जाते. शिवाय लिंबू-चिंचेची त्याला फारशी पर्वा नाही. साड्यांसाठी आपल्याला परिचित असलेल्या इलकलचा तांबडा आणि आंध्रातल्या चिमकुर्तीचा, सोनेरी टिकल्या चमकणारा काळा, हे यातले तालेवार जिन्नस. गंमत अशी की बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जे विकले जाते, ते भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतेच. ते गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे भूगर्भात सावकाश निवल्यामुळे अखंड राहिलेला, आपल्या बेसॉल्टचाच चुलतभाऊ.

आता मापांकडे वळू. लादीचे पहिले माप खाण ठरवते. मोठ्या ठोकळ्यातून गँगसॉ नावाच्या यंत्रावर चिरलेली लादी नऊ-दहा फूट लांब व पाच-सहा फूट रुंद भरते. लहान ठोकळ्यातून कटरवर काढलेली सहा ते नऊ फूट लांब आणि दोन ते तीन फूट रुंद. जाडी साधारणतः 16 ते 20 मिलिमीटर. 18 मिलिमीटरच्या एका चौरस फुटाचे वजन साडेचार किलोच्या घरात जाते, आणि म्हणूनच लादी टेम्पोत नेहमी उभी नेतात, आडवी टाकली तर ती आपल्याच भाराने मध्ये मोडते.

दुसरे माप घराचे, आणि या दोहोंचा मेळ बसत नाही तिथे खर्चाचे खरे मूळ असते. एक भिंत दहा फुटांची व दुसरी सहा फुटांची, असा काटकोनातला ओटा घ्या. खालची रुंदी दोन फूट आणि पुढे इंचभर नाक काढायचे, म्हणजे दगड 25 इंच रुंद. एकंदर लागतो तो सुमारे 29 चौरस फूट. दुकानात मात्र मापे बहुधा तीन-तीन इंचांच्या टप्प्याने वर चढवून धरतात, त्यामुळे 25 इंचांचे 27 होतात. आणि नऊ फुटी लादी अर्धी मिळत नाही म्हणून दोन अखंड घ्याव्या लागतात, म्हणजे साडेचाळीस चौरस फूट. दर 200 रुपये धरला तर 8,100 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,458, मिळून 9,558. ही रक्कम प्रत्यक्ष बसलेल्या 29 फुटांवर वाटून पाहा: दोनशेचा दगड 330 च्या घरात जातो, आणि यात कटाई, कडेचे पॉलिश, सिंकचे भोक व हमाली अद्याप धरलेलीच नाही. सिंकच्या भोकातून निघालेल्या तुकड्याचेही पैसे आपणच मोजलेले असतात. तथापि उरलेला दगड वाया जातोच असे नाही: चार फुटांचा तुकडा मांडणीला लागतो, आणि रुंदीतून निघालेली दोन इंची पट्टी कुशल मिस्त्री ओट्याच्या नाकाखाली चिकटवतो, की पाऊण इंचाचा दगड पाहणाऱ्याला दीड इंचाचा भासतो.

तिसरे माप ओट्यापुढे उभे राहणाऱ्या व्यक्तीचे, आणि ते कोणत्याही बिलात येत नाही. कोपराच्या चार ते सहा इंच खाली हात चालावा, हा त्याचा सर्वसाधारण नियम. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर धरली तर ओटा 32 ते 34 इंचांत येतो. मात्र ज्या स्त्रीचे कोपर सरासरीहून खाली, तिला 34 इंचांवर पोळी लाटणे म्हणजे खांदे वर ओढून लाटणे होय. विटांचा थर रचला जात असताना ही उंची बदलायला काहीच पडत नाही. दगड बसल्यावर ती बदलायची तर वरची सारी रक्कम पुन्हा मोजावी लागते.

आमच्या आईची उंची पाच फुटांना इंचभर कमी. मिस्त्रीने भिंती मोजल्या, वडिलांनी हिशेब रुजू पाहिला, आणि रिवाजाप्रमाणे ओटा 34 इंचांचा झाला. त्यानंतर कणीक मळायला आणि पोळ्या लाटायला ती, ज्यावर बसून आम्ही जेवत होतो तोच शिसवी पाट ओट्यापाशी ओढून घेई आणि त्यावर उभी राही. मधल्या फळीवर तिच्या टाचांचे दोन गुळगुळीत ठसे अजून दिसतात. परवा मी पट्टी घेऊन त्या पाटाची उंची मोजली. ती बरोबर दोन इंच भरली.