वाहनातील यूएसबी चार्जिंग मंडल
वाहनाच्या १२ व्होल्ट विद्युत् घटमालेपासून भ्रमणध्वनीस लागणारा ५ व्होल्ट दाब देणारे मंडल. पिंपरी-चिंचवड व चाकण येथे तयार होणाऱ्या अनेक वाहनांत ते असते. रेषीय नियामकातून २ अँपिअर प्रवाह घेतल्यास १० वॉट उपयोगी पडतात व १४ वॉट उष्णतेत वाया जातात. म्हणून प्रवाह जलद खंडित करून तो प्रवर्तक व धारित्र यांच्या साहाय्याने सम करणारा स्विचन नियामक वापरतात. त्यामुळे रेडिओत खरखर येऊ शकते. तीसाठी गाळणी मंडल लागते.

खरी कसोटी घटमालेच्या दाबातील चढउतारांची आहे. एंजिन सुरू करताना दाब ६ व्होल्ट वा त्याखालीही उतरतो. प्रत्यावर्तक घटमाला भारित करीत असता तिची जोडणी निखळल्यास व दमनाची सोय नसल्यास तो सु. १०० व्होल्टपर्यंत उसळतो. आयएसओ १६७५०-२ मानकाच्या चाचणीत हा स्पंद ४० ते ४०० मिलिसेकंदांचा असतो. त्याने नियामकातील ट्रँझिस्टरचा मंडलसंक्षेप झाला, तर घटमालेचा दाब थेट भ्रमणध्वनीवर येतो. यास्तव आदान बाजूस दाब रोखणारा डायोड बसवितात. मेजावरील स्थिर १२ व्होल्टांवर घेतलेली चाचणी, कितीही काटेकोर असली तरी, हा धोका दाखवीत नाही. वाहनांतील इलेक्ट्रॉनीय घटकांच्या अशा चाचण्यांची सोय पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत आहे. तिचे एक केंद्र चाकण येथे आहे.