पडद्यावरच्या शाळेत मधला काळ कुठे जातो?

डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत अव्वल ठरून ‘रँग्लर’ झालेले र. पु. परांजपे मुंबईला परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी केले. भारतातल्या वृत्तचित्रणाची सुरुवात म्हणून या फितीचा उल्लेख होतो. आपल्याकडे कॅमेरा शिक्षणाकडे पहिल्यांदा वळला तो असा, एका विद्यार्थ्याच्या विजयाच्या घटकेला. गणिताशी झुंजण्यात परांजप्यांची जी वर्षे गेली ती टिपणे सावेदादांना शक्यच नव्हते. सत्कार दिसतो, अभ्यास दिसत नाही. शाळेवर माहितीपट करणाऱ्यांची अडचण आजही हीच आहे. शिकणे डोक्यात चालते, हळूहळू चालते, महिनोन् महिने चालते आणि पडद्यावरची वेळ मात्र मिनिटांत मोजावी लागते. हे अंतर भरून काढायला चित्रीकरणाची आणि संकलनाची नाना साधने हाताशी असतात, आणि त्यांतली बहुतेक प्रेक्षकाच्या भावनेला हात घालतात. माझा आक्षेप भावनेला मुळीच नाही. मूल न कळण्याकडून कळण्याकडे जाते तो मधला काळ गाळून टाकण्यासाठी भावना वापरली जाते, याला आहे.

लोहारा तालुक्यातल्या माकणीचे उदाहरण घेऊ. तेरणा नदीवरच्या निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण इथलेच. समजा, माकणीच्या एखाद्या प्राथमिक शाळेवर पाच मिनिटांची फीत करायची आहे. आज ती कशी होईल, हे जवळजवळ आधीच सांगता येते. ड्रोन धरणाच्या पाण्यावरून गावाकडे येईल, खाली बासरी वाजत असेल. मग धुळीच्या रस्त्यावरून शाळेकडे निघालेली पावले, अगदी जवळून आणि संथ गतीत. मग एका मुलीचे डोळे. मग फळ्यापाशी उभे असलेले गुरुजी, खालच्या कोनातून टिपलेले, म्हणजे ते आहेत त्यापेक्षा उंच वाटावेत. शेवटी बक्षिसे, टाळ्या, तिरंगा. यातले एकही दृश्य खोटे नाही, तरीही प्रत्येक दृश्य प्रेक्षकाला काय वाटावे हे परस्पर ठरवून टाकते. उंचावरून पाहिले की गाव लहान होते आणि पाहणारा त्याच्यापासून सुटा होतो, त्याला एक हवाहवासा जिव्हाळा वाटू लागतो. संथ गतीसाठी सेकंदाला पन्नास-साठ चित्रे घेऊन ती पंचवीसच्या वेगाने दाखवतात. रोजचे चालणे दुप्पट लांबते आणि त्याला विधीसारखे गांभीर्य येते. पार्श्वसंगीताचा परिणाम तर नकळतच होतो.

चेहऱ्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. शंभर वर्षांपूर्वी रशियातल्या लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला निरनिराळी दृश्ये जोडली: कधी सूपचे ताट, कधी शवपेटी, कधी एक स्त्री. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा, असे या प्रयोगाबद्दल सांगितले जाते. मूळ फीत आज उपलब्ध नसली तरी त्यातले तत्त्व जगभरचे संकलक रोज वापरतात. आता वर्गात फळ्याकडे एकटक पाहणाऱ्या मुलीचा चेहरा घ्या. त्यापुढे गळके छप्पर जोडले तर ती दुःखी ठरते आणि संगणकाचा पडदा जोडला तर स्वप्नाळू. खरे तर ती त्या वेळी हातचा एक कुठे मिळवायचा याचा विचार करत असेल. त्या विचाराला पडद्यावर जागाच मिळत नाही, कारण क्लोजअप दोन सेकंदांत तुटतो. तोच शॉट वीस सेकंद न तोडता ठेवला तर भुवया आक्रसतात, ओठ पुटपुटतात, बोटे मोजू लागतात आणि मधेच चेहरा उजळतो. दोन सेकंदांच्या चेहऱ्यात प्रेक्षकाची स्वतःची भावना असते, वीस सेकंदांच्या चेहऱ्यात त्या मुलीची. शाळेच्या माहितीपटात शॉटची लांबी इतकी महत्त्वाची का, हे यावरून कळावे.

यावर कोणी म्हणेल, मग साधने टाकूनच द्या. संगीत नको, निवेदन नको, कॅमेरा लावा आणि जे दिसेल ते दाखवा, तेच प्रामाणिक. ही समजूत फार पसरलेली आहे, आणि ती चुकीची आहे. फ्रेडरिक वाइजमन या अमेरिकी दिग्दर्शकाचा १९६८ चा ‘हायस्कूल’ पाहावा. फिलाडेल्फियातल्या एका शाळेवरचा हा माहितीपट सव्वा तासाचा आहे. त्यात निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही, मुलाखतीही नाहीत. तरी तो पाहताना अंगावर दडपण येते, कारण वाइजमन शिक्षकांची तोंडे, चष्मे आणि बोटे इतक्या जवळून दाखवतो की अधिकाराचे वजन शरीराला जाणवते. शेवटच्या दृश्यात मुख्याध्यापिका एका माजी विद्यार्थ्याचे पत्र वाचतात. व्हिएतनामच्या युद्धावर निघालेला तो मुलगा स्वतःला कामगिरी बजावणारे एक शरीर, एवढेच समजतो आहे, आणि असे पत्र आले म्हणजे शाळा यशस्वी झाली असे मुख्याध्यापिका सांगतात. चित्रपट तिथेच संपतो. वाइजमनने एक शब्दही जोडलेला नाही. पत्र कुठे ठेवायचे, एवढेच ठरवले आहे आणि पाहणारा हादरतो. म्हणजे संगीत काढले म्हणून भावना जात नाही, ती संकलनात शिरते. साधनांपासून मुक्त असा माहितीपट नसतोच. म्हणून विचारायचे ते हे की साधन वापरल्यामुळे आपल्याला जास्त दिसले की कमी.

कमी कसे दिसते याचे ठळक उदाहरण म्हणजे डेव्हिस गुगेनहाइमचा २०१० चा ‘वेटिंग फॉर सुपरमॅन’. अमेरिकेत सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या चार्टर शाळांत जागेपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात. माहितीपटातली मुले या सोडतीला बसलेली आहेत. आकडे पुकारले जातात, संकलक या मुलाकडून त्या मुलाकडे जातो, उरलेल्या जागा कमी होत जातात आणि आयांचे चेहरे पडत जातात. ते दृश्य पाहून कोणाचेही मन हेलावेल. पण या हेलावण्यातून एक निष्कर्ष न सांगता गळी उतरतो: सोडत लागली तो तरला, हुकली तो बुडाला. त्या शाळांत शिकवतात कसे, हे मात्र चित्रपट फारसे दाखवत नाही. शिक्षणाच्या इतिहासकार डायन रॅव्हिच यांनी त्याच वर्षी नेमके इथेच बोट ठेवले. २००९ च्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात केवळ १७ टक्के चार्टर शाळांचे निकाल तुलनेतल्या सरकारी शाळांपेक्षा चांगले होते, ३७ टक्क्यांचे तर वाईट होते, याची आठवण त्यांनी करून दिली. एक आई मोठ्या आशेने शाळा पाहायला जाते ते दृश्य सोडतीत मुलाचा नंबर लागला नाही हे कळल्यानंतर घेतलेले होते, हेही पुढे उघड झाले. आशा दाखवायची होती आणि ती घडली तेव्हा कॅमेरा तिथे नव्हता, म्हणून ती नंतर उभी केली गेली. प्रेक्षकाच्या विश्वासाला तडा जातो तो अशा ठिकाणी.

उलट टोकाला निकोला फिलिबेर यांचा २००२ चा फ्रेंच माहितीपट आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘असणे आणि जवळ असणे’ असा होतो. फ्रान्समधल्या डोंगराळ भागातली एकशिक्षकी शाळा, चार वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची मुले एकाच खोलीत, आणि निवृत्तीकडे झुकलेले एक शिक्षक. आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळांच्या इतका जवळचा दुसरा विदेशी माहितीपट सापडणे अवघड. यात एक मोठा मुलगा घरी गुणाकार सोडवत बसतो आणि हळूहळू सारे घर त्या गुणाकारात ओढले जाते. आई रागावते, काका येतो, सगळ्यांची उत्तरे वेगवेगळी येतात. प्रसंग लांबत जातो. आपल्याला हसू येते, मग त्या मुलाची कोंडी जाणवते, आणि त्याच्या घरात गणित किती अवघड जागी बसले आहे हे कोणी न सांगता कळते. मधला काळ दाखवणे म्हणजे हे. फ्रान्समध्ये हा माहितीपट लाखो लोकांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिला. चुका आणि विलंब दाखवले तर लोक कंटाळतील, या भीतीला याहून चांगले उत्तर नाही. मात्र यशानंतर त्याच शिक्षकांनी मोबदल्यासाठी निर्मात्यांवर दावा लावला आणि पॅरिसच्या न्यायालयाने २००४ मध्ये तो फेटाळला, हेही वाचकांना ठाऊक असावे. ज्यांच्या जगण्यातून भावना उभी राहते त्यांचे तिच्यावर काय हक्क, हा प्रश्न उत्तम चित्रपटालाही सुटत नाही.

माकणीच्या परिसराला मधला काळ गाळला जाण्याचा प्रश्न नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यात आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातले किल्लारी उद्ध्वस्त झाले, आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या दिवसांत देशोदेशींचे कॅमेरे या पट्ट्यात आले. ढिगारे, चिता, रडणारी मुले यांची चित्रे जगभर गेली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. त्या चित्रांनी खरोखर काम केले, हे मान्यच करायला हवे. पण पत्र्याच्या निवाऱ्यांत लोकांनी काढलेला काळ, ५२ गावे नव्या जागी वसवताना झालेली ओढाताण, भारतीय जैन संघटनेने पुण्याला शिक्षणासाठी नेलेली सुमारे १२०० मुले तिथे कशी रुळली, या सगळ्याला त्या चित्रांच्या तुलनेत किती जागा मिळाली? आघात एका चित्रात मावतो. पोरके झालेले मूल पुन्हा वर्गात बसून पाढे म्हणू लागते त्याला वर्षे लागतात, आणि शाळेचे खरे काम त्याच वर्षांत झालेले असते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो शाळा चालवणाऱ्यांकडून. जिल्हा परिषदेच्या शाळेला वर्गखोली रंगवायची, संगणक घ्यायचे, स्वच्छतागृह दुरुस्त करायचे तर लोकवर्गणीशिवाय भागत नाही. पुण्या-मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर तीन मिनिटांची फीत जाते, ती पाहून डोळे भरले तरच हात खिशाकडे जातो. तिथे मुलीला हातचा मिळवताना पाहायला वेळ कोणाला आहे? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास देऊन ठेवले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना भांडवल हवे होते. त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला, त्याच्यापुढे कॅमेरा लावला, रोज थोडे चित्रण केले आणि महिनाभराची वाढ दीड-दोन मिनिटांत पडद्यावर दाखवली. कोंब मातीतून वर आला, वेल चढत गेला आणि पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. तीही निधी मिळवण्यासाठी केलेली छोटी फीतच होती. फाळक्यांनी वेळ आकसली, पण मधले टप्पे गाळले नाहीत. आधी कोरडी माती आणि मग एकदम हिरवा वेल, अशी दोनच चित्रे जोडली असती तर त्यात काहीच अद्भुत उरले नसते. शाळांच्या बहुतेक फिती नेमकी ती दोन चित्रे जोडतात: आधी पडकी भिंत, मग रंगवलेली. त्याऐवजी पहिलीतल्या एकाच मुलाला जून, ऑगस्ट, डिसेंबर आणि एप्रिलमध्ये एकच उतारा वाचताना टिपून चारही तुकडे सलग दाखवले, तर तीन मिनिटांत भागते आणि बासरी लागत नाही.

गरिबी खरी असताना ती का लपवायची, असाही प्रश्न विचारतात. लपवू नये, पण तिचे कारण गाळले की ती निव्वळ सजावट होते. एकटा शिक्षक चार इयत्ता सांभाळतो हे दृश्य आपण आदराने पाहतो, आणि तो आदर त्या शिक्षकाने कमावलेला असतो. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत. खालच्या कोनातला शॉट आणि चढते संगीत त्या एकट्याला नायक करते, त्याच वेळी दुसऱ्या शिक्षकाची रिकामी जागा चौकटीबाहेर जाते. प्रेक्षक नमस्कार करून मोकळा होतो आणि प्रश्न विचारायचा राहतो. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेच्या फितींतही कारण गाळायचे की दाखवायचे, हे दोन रस्ते दिसतात. गुलाबी साड्या, पाटी, सुरकुतलेला हात हे दृश्य जगभर पोचले, आणि हाताचा क्लोजअप मला तिथे पूर्ण न्याय्य वाटतो, कारण साऱ्या आयुष्यात लेखणी न धरलेल्या बोटांचे कष्ट हातातच दिसतात. पण वर्ग दुपारी भरतो, कारण सकाळ घरकामात आणि शेतात जाते. ती सकाळ दाखवली की या बायका साठ-सत्तर वर्षे शाळेबाहेर का राहिल्या, हे कौतुकाच्या जोडीने कळते.

म्हणून माकणीची ती काल्पनिक फीत पुन्हा आखायची तर मी ड्रोन घरी ठेवीन आणि कॅमेरा दीड फुटावर आणीन. लहान वर्गात मुले बस्करावर बसतात, त्यांच्या डोळ्यांची उंची तेवढीच असते. उभ्या माणसाने धरलेला कॅमेरा मुलाकडे वरून पाहतो, त्यामुळे मूल आपोआप बिचारे दिसते. आवाज शाळेचाच घ्यावा: परिपाठ, शेजारच्या वर्गातून येणारे पाढे, खिचडीच्या वेळचा ताटांचा खणखणाट. चुकलेले उत्तर कापू नये, मात्र ज्याचे ते आहे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना फीत आधी दाखवावी, आणि ते नको म्हणाले तर काढावे. यापुढेही एक पाऊल टाकता येईल. देहरादूनच्या डून स्कूलवर माहितीपटांची मालिका करणारे डेव्हिड मॅकडूगल यांनी नंतर भारतातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या शाळकरी मुलांच्या हातीच कॅमेरा दिला आणि आपापल्या जगावर चित्रपट करायला सांगितले. फोन आज माकणीतही घरोघरी आहे. सहावी-सातवीच्या मुलांना एक महिना देऊन, गाणे न लावता, आपल्या वर्गात एखादी गोष्ट कोणाला कशी समजली ते टिपायला सांगावे, आणि ती फीत गावात सर्वांसमोर दाखवावी.