धातुग्राही घन पदार्थ

पाण्यात विरघळलेले धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) धरून ठेवण्यासाठी ज्यांच्या पृष्ठावर विशिष्ट रासायनिक गट मुद्दाम जोडलेले असतात, अशा पाण्यात न विरघळणाऱ्या घन पदार्थांना धातुग्राही घन पदार्थ म्हणतात. आधारद्रव्य म्हणून सिलिका, बहुवारिक (लहान रेणू एकमेकांस जोडून झालेले प्रचंड रेणू असलेले) रेझिन, सेल्युलोज, सक्रियित कार्बन इ. पदार्थ वापरतात. आधारद्रव्याने पृष्ठ व यांत्रिक बळ मिळते, तर कोणता धातू धरला जाईल हे जोडलेल्या गटावर अवलंबून असते.

गरज : शिसे, पारा व कॅडमियम हे धातू अत्यल्प प्रमाणातही शरीरात साचत जाऊन अपाय करतात. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला रोग कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याच्या कार्बनी संयुगामुळे झाला होता. हे संयुग माशांच्या द्वारे माणसांच्या शरीरात गेले. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकानुसार १ लि. पिण्याच्या पाण्यात शिसे ०.०१ मिग्रॅ., कॅडमियम ०.००३ मिग्रॅ. व पारा ०.००१ मिग्रॅ. यांपेक्षा अधिक असू नये. चुना घालून धातूंचा साका पाडणे ही पद्धत स्वस्त आहे. परंतु तीत गाळ फार होतो आणि इतकी खालची मर्यादा तिने गाठणे अनेकदा अवघड जाते.

खरी अडचण निवडीची आहे. १ लि. पाण्यात ४० मिग्रॅ. कॅल्शियम व ०.०२ मिग्रॅ. शिसे असल्यास शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमाचे सुमारे १०,००० आयन असतात. म्हणजे हे पाणी पिण्यास अयोग्य असूनही त्यातील शिसे निरुपद्रवी आयनांच्या गर्दीत हरवलेले असते. त्यामुळे पदार्थ किती आयन धरतो यापेक्षा कोणते धरतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

इतिहास : अमोनियम लवणाचा विद्राव मातीतून झिरपू दिल्यास अमोनियम मातीत राहते व त्याऐवजी कॅल्शियम बाहेर पडते, असे इंग्लंडमध्ये एच. एस. टॉम्पसन व जे. टी. वे यांच्या प्रयोगांतून १८५० मध्ये पुढे आले. १९३५ मध्ये बी. ए. ॲडम्स व ई. एल. होम्स यांनी आयन-विनिमय करणारी संश्लेषित (कृत्रिम रीतीने बनविलेली) रेझिने तयार केली. पुढील दशकात पॉलिस्टायरीनला सल्फॉनिक अम्ल गट जोडलेली रेझिने प्रचारात आली. दुष्फेन (कठीण) पाणी सुफेन करण्यासाठी ती उत्तम असली, तरी ती आयन मुख्यतः विद्युत् आकर्षणाने धरत असल्याने शिसे व कॅल्शियम यांत पुरेसा भेद करीत नाहीत.

तत्त्व : अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ राल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार ‘मृदू’ आयन गंधकासारख्या मृदू दात्या अणूंशी, तर ‘कठीण’ आयन ऑक्सिजनासारख्या कठीण दात्या अणूंशी अधिक दृढ बंध करतात. पारा मृदू व कॅल्शियम कठीण असल्यामुळे गंधकयुक्त थायॉल गट कॅल्शियम सोडून पारा धरतो. तांबे, निकेल व शिसे यांसाठी इमिनोडायॲसिटिक अम्ल गट असलेले रेझीन वापरतात. यातील नायट्रोजन व ऑक्सिजन अणू खेकड्याच्या नांग्यांप्रमाणे एकाच आयनाला अनेक बाजूंनी पकडतात. अशा रचनेस कीलेट म्हणतात.

निर्मिती : सिलिकेच्या पृष्ठावर सिलिकॉनाला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. थायॉलयुक्त सिलेन संयुगाची त्यांच्याशी विक्रिया केली म्हणजे थायॉल गट पृष्ठाला रासायनिक बंधाने जोडले जातात व पाण्याबरोबर सहसा वाहून जात नाहीत. १९९७ मध्ये अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी काही नॅनोमीटर व्यासाची नियमित छिद्रे असलेल्या सिलिकेवर अशा गटांचा दाट थर बसवून पारा प्रभावीपणे काढता येतो, असे दाखविले. उसाची चिपाडे, लाकडाचा भुसा इत्यादींतील सेल्युलोजाला कार्बॉक्सिल गट जोडूनही धातुग्राही पदार्थ बनविता येतात.

वापर व मर्यादा : पदार्थ स्तंभात भरून त्यातून पाणी सावकाश सोडतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात धातू आढळू लागला की पदार्थाची क्षमता संपत आली असे समजतात. पाणी फार अम्लीय असल्यास हायड्रोजन आयन धातूची जागा अडवितात. याच गुणाचा उपयोग करून अम्लाने धातू सोडवून कीलेट रेझीन पुन्हा वापरता येते. पाणी अल्कधर्मी असल्यास अनेक धातूंचा साका बनतो, शिवाय सिलिका हळूहळू विरघळते. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋण आयनाच्या रूपात असते. त्यासाठी धन भारित ॲमिनो गट लागतात.

बंध जितका दृढ तितके पाणी अधिक शुद्ध होते. पण धातू सोडविणेही तितकेच अवघड जाते. थायॉल गटाने धरलेला पारा सोडविण्यासाठी संहत (पाण्याचे प्रमाण कमी असलेले) हायड्रोक्लोरिक अम्ल लागते. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात एकाच धातूचे लवण विरघळवून मोजलेली क्षमता प्रत्यक्ष सांडपाण्यात मिळेलच असे नाही. तसेच या प्रक्रियेत धातू नष्ट होत नाही. तो पाण्यातून घन पदार्थात व तेथून अम्लात जातो. त्या अम्लातून धातू परत मिळविण्याची वा त्याची सुरक्षित विल्हेवाट लावण्याची सोय नसेल, तर प्रदूषणाची केवळ जागा बदलते.