धोट्याला भोक कशासाठी?

गिरणीच्या जुन्या फोटोंत माणसं बहुतेक वेळा काम करतच नसतात. हात बांधून, अंग ताठ ठेवून कॅमेऱ्याकडे बघत उभी असतात. मागे साच्यांची, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांची, रांग असते, तीही थांबलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मालकाच्या धाकानं उभे राहिलेत. धाक असेलही, पण मोठं कारण उजेडाचं आहे. साचेखात्याचं छप्पर करवती असे. त्याच्या उभ्या बाजूला काच, आणि काचेचं तोंड उत्तरेला. त्यामुळे थेट ऊन आत येत नसे आणि विणकराला दिवसभर सारखा उजेड मिळे. सुताचा तुटलेला तार दिसायला तो पुरायचा. काचपट्टीवर फोटो घेणाऱ्याला मात्र त्या उजेडात काही सेकंद तरी झडप उघडी ठेवावी लागे, आणि तेवढ्यात जे हललं ते धूसर होई. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लख्ख उजेड पाडता आला असता. पण जिथे हवेत, तुळयांवर, माणसांच्या भुवयांवर कापसाची तुसं बसलेली, तिथे ती पेटवायला कोण धजावेल? मग साचे बंद करा, माणसं उभी करा, आणि म्हणा, हलू नका.

रिकाम्या खात्यांचे फोटो त्याहून जास्त. चालू पाळी थांबवणं परवडत नसल्यामुळे ते सुटीच्या दिवशी काढले असावेत असा माझा कयास आहे. तसं असेल तर त्यातल्या कित्येक फोटोंवर कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा थोडा हक्क पोचतो. गिरण्यांना रविवारची सुटी त्यांनी झगडून १८९० मध्ये मिळवली.

मी जे काम करते त्याला नाव देणं अवघड आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या बंद पडलेल्या एका स्टुडिओतून निघालेल्या काचपट्ट्या आणि छापील फोटो स्कॅन झालेत. त्यांच्या नोंदी लिहायच्या. लॅपटॉपवर फोटो मोठा करायचा आणि शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना विचारायचं, हे काय आहे? एक काका साचेखात्यात विणकर होते, मूळचे रत्नागिरीकडचे. दुसरे त्रासनात, म्हणजे रिंगवर सूत काढणाऱ्या खात्यात, सायडर, म्हणजे मशीनची एक बाजू सांभाळणारे. दोघांना ऐकू कमी येतं. साचेखात्यातल्या काकांना जास्तच कमी, पण ते समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. चालू खात्यात तसंच बोलावं लागे.

फोटो वाचायचा तो वरून खाली, हे त्यांनीच शिकवलं. मशीन नंतर, आधी आढं. आढ्याखालून लांबच लांब लोखंडी दांडा, त्यावर चाकं, प्रत्येक चाकापासून खाली मशीनपर्यंत आलेला चामडी पट्टा, असं दिसलं तर सगळ्या खात्याला एकाच इंजिनाची ताकद मिळत होती. आधी वाफेची. १९१५ पासून टाटांची खोपोलीची वीज मुंबईत येऊ लागली आणि गिरण्या तिच्याकडे वळल्या, तरी दांडे-पट्टे लगेच गेले नाहीत. इंजिनाच्या जागी मोटर आली, इतकंच. वर नुसत्या रिकाम्या कड्या उरल्यात आणि प्रत्येक मशीनच्या पायाशी स्वतःची मोटर आहे, तर फोटो बराच अलीकडचा. पट्ट्यांचं नाव निघालं की दोघेही खांदे आक्रसतात. पट्ट्यात धोतराचा सोगा अडकलेला त्यांनी पाहिला नव्हता, पण त्याच्या गोष्टी ऐकतच ते भरती झाले होते.

मग मशीनच्या बाजूचं ओतीव नाव. प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. हॉवर्ड अँड बुलो, ॲक्रिंग्टन. डॉबसन अँड बार्लो, बोल्टन. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा घाट घातला, तेव्हापासून लँकेशायरचं हे लोखंड जहाजानं मुंबईला येत राहिलं. काचपट्टी उलटी स्कॅन झाली असेल तर ही अक्षरं उलटी दिसतात आणि चूक लगेच कळते. अक्षरं दिसतच नसली तर? साच्यावरून डावं-उजवं ठरत नाही. विणकर दोन रांगांमध्ये उभा राहून दोन्हीकडचे साचे बघे, म्हणून साचे मुळातच डाव्या आणि उजव्या हाताचे बनत. अशा वेळी आम्ही सदऱ्याचा खिसा बघतो. सगळ्यांचे खिसे उजव्या छातीवर आले की पट्टी उलटी.

एका माणसामागे किती साचे, हेही मोजायचं. मुंबईत विणकराकडे साधारण दोन साचे असत. १९२८ च्या सुमारास काही मालकांनी तीन द्यायला सुरुवात केली आणि त्रासनात एका बाजूऐवजी दोन बाजू. त्या वर्षी गिरणगाव सहा महिने संपावर होतं, त्यामागचं एक कारण हे. पण फोटोतल्या मोजणीवर फार विसंबू नये. फोटोग्राफरनं चौकटीत मावतील तेवढीच माणसं उभी केलेली असतात.

आमच्या संग्रहातले सर्वांत स्वच्छ, सर्वांत नेमके फोटो कोणते असतील तर लिलावाचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यानंतर एकेक गिरणी बसत गेली. मशीनचा भाव ठरवण्यासाठी काढलेल्या या रंगीत फोटोंत प्रत्येक साच्यावर खडूनं नंबर घातलेला आहे. कामासाठी काढलेले असल्यामुळे त्यांत कसलाही आव नाही, आणि मला ते आवडतात. त्यानंतरच्या काळात पडक्या गिरण्यांत जाऊन गंजलेल्या चाकांवर पडलेली उन्हाची तिरीप टिपायची टूम निघाली. त्यातला एक मोठा, महागडा छाप मी विणकर काकांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “तेल नाही घातलंनी कोणी.”

आता तो फोटो, ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे. कृष्णधवल, छापील, हातात धरता येईल एवढा. विणकर साच्यापाशी उभा आहे, किंचित वाकून, आणि दोन्ही हातांत धरलेला धोटा त्यानं तोंडाशी नेला आहे. पाठीमागे जुन्या अक्षरात इंग्रजी नोंद, तिचा अर्थ एवढाच की कामगार धोटा तपासतो आहे. मीही तेच टंकायला घेतलं होतं. काकांनी हात आडवा केला. “तपासतोय कसला! ओढतोय तो.”

मग त्यांनी माझा चष्म्याचा डबा उचलला आणि दाखवलं. धोटा लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी टोपण, मधे पोकळ. त्या पोकळीत बाण्याच्या सुताची कांडी बसते. मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा हा धोटा ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे फेकला जातो आणि थोड्याच मिनिटांत कांडी संपते. साचा थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची. नव्या सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटानं ते होत नाही, सुईनं वेळ जातो. म्हणून भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत फुर्रकन तोंडात येतं. सोबत तुसं येतात, आधीच्या पाळीवाल्याची थुंकी येते. काकांनी डब्याच्या बिजागरीला ओठ लावून तो आवाज काढला आणि स्वतःच हसले. पुढे आपोआप कांडी बदलणारे साचे आले, त्यांच्या धोट्यात सूत आपसूक ओवलं जाई. भोकाला तोंड लावायची गरज उरली नाही. पण जुने साचे मुंबईत फार काळ चालले.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं असल्या धोट्यावर १९११ मध्येच बंदी घातली. तिथली भीती रोगाची होती. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो, ही अडचण मुंबईतही होती, पण इथे तिला विटाळ म्हणाले. अस्पृश्य कामगाराच्या ओठांना लागलेलं सूत सवर्ण विणकर ओठांना लावणार नाही, म्हणून साचेखात्याचं दारच अस्पृश्यांना बंद. साचेखात्यात मजुरी जास्त. त्रासनात कमी, तिथे मात्र यांची भरती चाले. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा लावून धरला: मालकांपुढे मागण्या ठेवताय, तर विणाईखातं आमच्या लोकांना खुलं करा हीही मागणी ठेवा. संपाच्या पुढाऱ्यांनी ती आढेवेढे घेतच मानली.

हे मी वाचलेलं होतं. पण वाचताना धोट्याचं ते भोक डोळ्यांपुढे नव्हतं. फोटो शंभर टक्क्यांवरून चारशेवर नेला तेव्हा विणकराचे गाल आत गेलेले दिसले.

त्रासनातले काका तोवर गप्प होते. ते म्हणाले, “आमचे वडील त्रासनात लागले नि त्रासनातूनच बाहेर पडले. हात चांगला होता. पण साचेखात्यात नाव लागायचं नाही. आमच्या वेळेला तसं राहिलं नव्हतं फार. तरी मी पण तिथंच लागलो, वडिलांच्या जागी.”

विणकर काकांनी ओठांवरून सगळं वाचलं होतं. थोड्या वेळानं ते मला म्हणाले, “ताई, हे फोटोत कुठे दिसतंय? नोंदीत फोटोतलंच लिहायचं ना?”

मुद्दा बरोबर होता. आमच्या तक्त्यात मुळात रकाने होते ते साल, ठिकाण, मशीन, बनवणारी कंपनी, फोटोचा आकार, एवढेच. माणूस काय करतो आहे याला रकानाच नव्हता. आम्ही मागून एक वाढवला होता. तेव्हा त्या रकान्यात लिहिलं, “विणकर धोट्याच्या भोकातून तोंडानं सूत ओढताना.” पाठीमागची जुनी इंग्रजी नोंद तशीच उतरवली आणि शेजारी ‘चुकीची’ असं लिहिलं.

“आता पुढचं,” त्रासनातले काका म्हणाले. “हे काम कोणाला करू देत नव्हते, ते लिहा.”

त्यावर अर्धा तास वाद झाला. विणकर काकांचं म्हणणं, मग प्रत्येक साच्याच्या फोटोखाली ते लिहावं लागेल. त्रासनातले काका म्हणाले, मग लिहा की, किती फोटो आहेत साच्यांचे? मी मोजले. एकशे बारा निघाले. पुढच्या बैठकीपासून आम्ही पहिल्यापासून पुन्हा लागलो. यादी विणकर काकांच्याच हातात असते, आणि एखादा फोटो सुटला तर तेच टोकतात.